होडीपुरता एक पट्टा

“कणा एका बाजूला झुकलेला दिसतोय. स्कोलिओसिस. एक्स-रे काढून या, मग बोलू,” कुडाळच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं.

आमच्या घराण्यात कॉलेज पुरं करणारा मी पहिला. बी.कॉम. झालो, पतसंस्थेत नोकरीला लागलो, हे मी आजही छाती काढून सांगतो. पण हा शब्द मला माहीत नव्हता. स्कोलिओसिस म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकणं.

गेल्या वर्षीची, २००५ सालची गोष्ट. माझी मुलगी रेश्मा सातवीत होती. संध्याकाळी पाठ दुखते म्हणायची. आम्ही तेल चोळत राहिलो. मग एकदा वेणी घालताना तिच्या आईला दिसलं, उजवा खांदा वर आणि डावा खाली.

एक्स-रेच्या रांगेत समोर एक मोठी मुलगी बसली होती. तिच्या अंगाला ब्रेस होता. ब्रेस म्हणजे कणा धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा कडक पट्टा. खाली पडलेला रुमालसुद्धा तिला वाकून उचलता येईना. रेश्माने माझा हात धरला.

“बाबा, माका पण तसोच बांधतले?”

“बघूया गो,” म्हटलं. याहून खरं माझ्यापाशी काही नव्हतं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. रेश्माला पुढे वाकवून पाठीवरून हात फिरवला. “वाकल्यावर कणा सरळ होतोय. हाडात दोष नाही. हा पोश्चरल प्रकार, म्हणजे चालण्या-उभं राहण्याच्या सवयीतून आलेला. हा सुटतो. दप्तर घाल बघू.”

शाळेतून थेट आलो होतो. तिने दप्तर उजव्या खांद्याला अडकवलं.

“दुसरा पट्टा?”

“होडीत दोन्ही पट्टे घालायचे नसतात.”

“इथे होडी आहे?”

रेश्माने माझ्याकडे बघितलं.

मग मी सांगितलं. आमची शाळा खाडीपलीकडे. माझे वडील जन्मभर मासेमारी केलेले. त्यांचा नियम असा की होडीत अंगाला काही बांधायचं नाही. “होडी पालथी झाली तर दप्तर चेडवाक घेवन तळाक जातला,” म्हणजे पोरीला घेऊन तळाशी जाईल. वाडीतली सगळी पोरं तसंच करतात. पण पलीकडे उतरल्यावर शाळेपर्यंतची वाट लांब, आणि तिथेही दप्तर त्याच एका खांद्यावर.

डॉक्टर हसले नाहीत, हे मी विसरणार नाही. म्हणाले, “आजोबांचा नियम बरोबर आहे. फक्त तो होडीत संपला पाहिजे.”

त्यांनी जे सांगितलं ते इतर आईबापांसाठी लिहितो. दप्तर पाठीपेक्षा रुंद नको आणि कमरेखाली लोंबायला नको. पट्टे रुंद आणि मऊ असावेत, दोन्ही खांद्यांवर नीट आवळावेत. जाड पुस्तकं पाठीला लागून ठेवावीत. भरलेलं दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागाच्या आसपासच असावं. त्या दिवशी लागणार नाही ते पुस्तक घरी राहू द्या. आम्ही ‘दहावीपर्यंत पुरेल’ म्हणून मोठं दप्तर घेतलं होतं, ते बदललं. आणि पाठीचं प्रत्येक दुखणं दप्तराचं नसतं, म्हणून तेल चोळत बसू नका, दाखवून घ्या.

घरी वडिलांनी ऐकून घेतलं. “तो डाक्टर कधी होडयेत बसलोहा रे?”

“तुमचो नियम बरोबर, म्हणालो तो.”

“मगे शाणो आसा.”

व्यायाम दिले होते. भिंतीला पाठ लावून उभं राहणं, पोटावर झोपून छाती उचलणं. रेश्मा कुरकुरत का होईना, रोज करायची. काही महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा खांदे एका रेषेत होते. ब्रेस लागला नाही. परतताना गाडीत ती खिडकीशी झोपून गेली. मी मात्र तिच्या खांद्यांकडेच बघत होतो.

वडील सकाळी धक्क्यावर जाळी दुरुस्त करत बसतात. रेश्मा होडीत दप्तर मांडीवर घेते. ती पलीकडे उतरली की हातातलं जाळं ठेवून ते उभे राहतात, आणि खाडीवरून हाक जाते:

“दुसरो पट्टो खंय गो?”

पलीकडच्या काठावर रेश्मा थांबते. तिच्याबरोबर उतरलेली सगळीच पोरं थांबतात आणि दुसरा पट्टा चढवतात.