डाव्या हाताची पट्टी

शेजारच्या काकू अर्ज भरून घ्यायला आल्या. माझ्या डाव्या हातावरची डायलिसिसची पट्टी दिसली, तशी त्यांनी कागदाची घडी घातली. "राहू दे रे बाळा, तू आराम कर." मग माझ्यासमोरच आईला विचारलं, "जेवतो का गं हा?"

आमच्या गल्लीतला पहिला पदवीधर मी. रेशनकार्डापासून पेन्शनपर्यंत सगळ्यांचे अर्ज माझ्याच अक्षरात गेलेत. म्हणालो, "काकू, सुया डाव्या हाताला टोचतात. मी लिहितो उजव्यानं." त्या नुसत्या कीव आल्यासारखं हसल्या.

मशीन आठवड्यातून तीनदा माझं रक्त काढून घेतं, पण स्वच्छ करून परत तरी देतं. काकूंनी नेलेला कागद परत येईल म्हणून मी संध्याकाळपर्यंत खिशाला पेन लावून बसलो होतो.