घट्टमामांनी दिलेला सैल बूट

डोंगरउतारावरच्या स्की शाळेला लागून बुटांचं दुकान आहे. तिथे घट्टमामा एकवीस वर्षं लोकांच्या पायाशी बसून आहेत, तरी ऐकून कुणाचंच घेत नाहीत. नाव गिऱ्हाइकांनीच ठेवलंय.

"मला नेहमी आठ नंबर लागतो."

"तो ऑफिसच्या बुटांचा. इथे उभे राहा."

बसून घेतलेलं माप खोटं, भार पडला की पाऊल पसरतं. म्हणून उभं करूनच लांबी सेंटिमीटरमध्ये आणि पंजाची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजायची. मग आतलं मऊ अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालायचा. टाचेमागे दीड बोट जागा उरली तर ठीक. दोन बोटं आरामात मावली की बूट परत फळीवर.

"अहो, बोटं पुढे टेकताहेत."

"गुडघे वाकवा. आता?"

"आता सरली मागे."

"मग निघा."

असा हा माणूस एकदाच विरघळला, तोही धाकट्या बहिणीपुढे. दुसऱ्या दिवशी तिची संघासाठी निवड-शर्यत होती. मामांनी तिला पंजाशी अठ्ठ्याण्णव मिलिमीटर रुंद, अगदी मापातला बूट चढवला.

"दादा, चावतोय रे. लोकांना छळतोस तसं मला नको ना छळू."

शर्यतीपुरता चावला असता, चार दिवसांत अस्तर पायावर बसलं असतं. मामांना हे झोपेतही सांगता आलं असतं. पण लाडकी बहीण. त्यांनी एकशे दोनचा, सैल बूट काढून दिला. ती दुकानभर नाचली आणि मामांना स्वतःच्याच चांगुलपणाचं केवढं कौतुक वाटलं.

सकाळी तिसऱ्याच वळणावर पाय आधी वळला, बूट मागाहून. टाच आत उचलली गेली, तोल गेला आणि गुडघा पिळवटला. तेव्हापासून तेरा वर्षं ती उताराच्या पायथ्याशी तिकीट-खिडकीत बसते. मामांना ती एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. शिव्या खाऊन माणूस निदान मोकळा होतो.

गेल्या आठवड्यात ती नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन दुकानात आली.

"पलीकडच्या काउंटरवर जा," मामा म्हणाले. "तिथला पोरगा चांगलं बघतो."

"तूच घाल."

मामांनी भाचीला उभं केलं, मोजलं, बूट चढवला.

"मामा, चावतोय."

मामांचा हात बकलवरच थांबला. "एका जागी की सगळीकडून?"

"सगळीकडून."

"मग तो चावत नाही गं, धरतोय. एका जागी टोचलं तर सांग."

बहीण बाकावर बसून गुडघा चोळत होती.

"मला हे विचारलं नव्हतंस," ती म्हणाली.

"नाही."

"माझंही सगळीकडूनच होतं, दादा."

मामांनी पुढचं बकल लावलं, एक खाच सैल. मग काढून पुन्हा घट्ट केलं.