वैशाखातली घोंगडी

लिहायचा मला काय अधिकार? आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. चुकले तर क्षमा करा. हे मी कुणालाच सांगितलेले नाही – थोरल्या भावाला तर नाहीच.

मला कॉलेजात धाडायला वडील तयार नव्हते. माझ्या वाट्याचे काम कोण करणार? तेव्हा दाराआडून वहिनी बोलली, "जाऊ द्या त्याइले. त्याइच्या वाट्याचं वावर मी पाहीन." सासऱ्यासमोर ती एरवी तोंड उघडत नसे. आज मी चार ओळी लिहितो आहे, त्या तिच्या त्या शब्दावर.

पुढे ती बदलत गेली. वावरात निंदता निंदता धुऱ्यावर, बांधावरच झोपायची. आवाज घोगरा झाला, चेहरा सुजला. भर वैशाखात घोंगडी पांघरून बसायची. आई म्हणायची, "ढोर बरं, हाकललं तं उठते तरी." आणि ती धुऱ्यावर झोपते हे घरी कुणी सांगितले? – मीच. सुटीत आलो होतो, हसत सांगितले. 'अंगचोर' हा शब्दही माझाच. तो घरात सगळ्यांच्या तोंडी बसला.

मग मानसशास्त्राच्या तासाला सर म्हणाले, माणसाच्या वागण्याची कारणे पुष्कळदा मेंदूत, रक्तात, ग्रंथींत असतात. गळ्यात एक ग्रंथी असते. तिचा रस कमी पडला की माणूस मंद होतो, झोपाळू होतो, उन्हाळ्यातही त्याला थंडी वाजते. गोळ्यांनी बरे वाटते, असेही म्हणाले. माझा हात थांबला. सर वहिनीबद्दलच बोलत होते – तिला कधी न पाहता.

त्याच दिवशी घरी कळवायला हवे होते ना? नाही कळवले. ती आळशी नसेल, तर मी कोण ठरतो? – हाच विचार आधी आला.

सहामाहीत नेमका तोच प्रश्न आला, उदाहरणासह. मी वहिनी लिहिली – घोंगडी, धुरा, आवाज, सगळे. सरांनी वर्गात उत्तर वाचून दाखवले. विचारले, "कुठे पाहिलंस हे?"

"कल्पना केली, सर."

त्यानंतर थोड्याच दिवसांत भावाने तिला उंद्रीला माहेरी नेऊन सोडले. काडीमोडाची बोलणी निघाली. मी घरीच होतो तेव्हा – आणि गप्प होतो. एक वाक्य पुरले असते.

सरांचे उपकार आहेतच. तिच्या वडिलांचे त्याहून मोठे. मी जे केले नाही, ते त्यांनी केले.

परवा उंद्रीचा एक पाहुणा बसने आला, होस्टेलवर मला शोधत. त्याच्याकडून कळले – वडिलांनी तिला मोठ्या दवाखान्यात नेले होते. रोज गोळी घेते. उजाडायच्या आत मळ्यात असते. घोंगडी घडी करून ठेवून दिली आहे. भाऊ न्यायला गेला होता; ती आली नाही.

मग त्याने फडक्यात बांधलेले शेंगदाण्याचे लाडू माझ्या हातात दिले.

"वहिनीनं धाडले तुमच्या. इचारून राह्यली होती, भाऊजी पास झाले का म्हणून."