मिस्त्रींनी बुजवलेली खूण

आमच्या यजमानांना सगळी गल्ली मिस्त्री म्हणायची, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणायला लागले. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायची अडचण त्यामुळे परस्पर सुटली. काम त्यांचं प्लॅस्टिकचं. स्कूटरचं फुटलेलं कव्हर म्हणा, तडकलेली सूटकेस म्हणा, रेडिओचं खोकं म्हणा, मिस्त्री ते असं भरायचे की गिऱ्हाईक घरी जाऊन बायकोशी भांडायचं, "फुटलं होतं ते हेच का?" दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, मध्ये पडदा. पडद्याच्या अलीकडे माझी फोडणी, पलीकडे त्यांचं जळकं प्लॅस्टिक. चाळीस वर्षं मी दोन्ही वास एकाच ताटात जेवले.

माणूस तसा गरीब, पण ओरखडा दिसला की दाढेत काहीतरी अडकल्यासारखा अस्वस्थ व्हायचा. पाहुण्यांकडे गेलो तरी यांचा हात त्यांच्या खुर्चीच्या टवक्यावर. मी म्हणायची, "अहो, चहा प्या, खुर्ची नंतर प्या."

आमचा जावई एका मोठ्या गोदामावर पहारेकरी होता. कमरेला कंपनीचं पिस्तूल. एका दुपारी तो पिस्तूल रुमालात गुंडाळून दुकानात आला.

"गोळ्या काढल्यास का?" मी पडद्याआडून विचारलं.

"काढल्या, आई."

"मग आधी दाखव. पाणी नंतर."

मी पडदा सारून बाहेर आले. त्याने उघडून रिकामं दाखवलं. त्या पिस्तुलाची मूठ काळ्या प्लॅस्टिकची होती, हातातून निसटू नये म्हणून तिच्यावर बारीक दाणे. खालच्या कोपऱ्याचा नखाएवढा टवका उडाला होता.

"कशानं झालं हो, जावईबापू?" मिस्त्रींनी विचारलं.

"खरचटलं, बाबा. भिंतीला. उद्या तपासणी आहे. आमचा साहेब ओरखडासुद्धा खपवून घेत नाही, सरळ घरी बसवतो."

मिस्त्रींनी मूठ उजेडाकडे धरली, मग माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. भिंतीला घासलं की लांब रेघ उठते, हे इतक्या वर्षांत मलाही कळत होतं. इथे कोपरा चेचला होता आणि प्लॅस्टिकची कड वर उलटली होती. आत दगडाची कच रुतलेली. पिस्तूल उंचावरून फरशीवर आदळलं होतं.

"होतं कधीकधी असं," मिस्त्री म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

मग नेहमीसारखं काम सुरू झालं. मूठ साबणाच्या पाण्याने धुतली, रुतलेली कच सुईने काढली. उलटलेली कड पात्याने छाटली. दोन नळ्यांतला चिकट मसाला काळी पूड घालून कालवला आणि खळग्यात भरला. वाळल्यावर काचकागदाने पाण्यात घासून कोपरा आणला. शेवटी सोल्डरिंगच्या तापत्या टोकाने एकेक दाणा उठवला, श्वास रोखून, पोरीच्या कपाळावर टिकली लावावी तसा. वरून तेलाचं बोट फिरवलं.

जावई मूठ फिरवत राहिला. "बाबा, मलाच सापडेना कुठे होतं ते!"

"सापडलं तर मी कसला मिस्त्री?"

त्या दिवशी स्वारी दोन घास जास्त जेवली.

अठरा दिवसांनी पहारा बदलताना जावयाने पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि ते सुटलं. गोळी जोडीदाराच्या मानेत लागली. गाडी येईपर्यंत तो गेला होता. बत्तीस वर्षांचा मुलगा, आईला एकुलता एक. आदल्याच दिवशी पाळीवरून दोघांचं वाजलं होतं, आणि आमचा शहाणा दहा जणांसमोर "बघून घेतो तुला" म्हणाला होता. झालं. खुनाचा खटला उभा राहिला.

जावयाचा वकील घरी आला. म्हणाला, "पिस्तूल आपोआप सुटू नये म्हणून आत एक पट्टी असते, तिला चीर आहे. तुमचे जावई सांगतात, ते आधी जिन्यावरून पडलं होतं. पण समोरचे विचारतात, पडलं तर बाहेर खूण कुठाय? ते म्हणतात, चीर नंतरची, आणि चाप यानेच ओढला."

मिस्त्रींनी पुढ्यातलं ताट बाजूला सरकवलं. "खूण मी बुजवली."

"बाबा!" आमची लेक उंबऱ्यातच खाली बसली. जावयाने मुठीचं काम तिच्या कानावर घातलंच नव्हतं.

वकील म्हणाला, "मिस्त्री, हत्याराच्या कामाचा परवाना आहे तुमच्याकडे? नाही ना? बोललात तर तुम्हीही अडकाल."

मी म्हटलं, "आत टाकतील हो तुम्हाला."

"टाकू देत. तू दुकानाला कुलूप लाव."

कोर्टात त्यांच्या हातात मूठ दिली. सरकारी वकील म्हणाला, "दाखवा तुमची खूण." मिस्त्रींनी चष्मा वर केला, खाली केला. कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, मूठ उजेडात तिरपी धरली. काही नाही. ज्याचं काम दिसत नाही म्हणून चाळीस वर्षं लोकांनी वाखाणलं, त्याचं त्यालाच ते दिसेना. मागे कोणीतरी फिसकन हसलं. "सासरा आहे हो, दुसरं काय सांगणार?"

"मला पातं द्या," मिस्त्री म्हणाले.

त्यावर वाद झाला. शेवटी न्यायाधीशांनी हत्यारांच्या जाणकाराला शेजारी उभं करून परवानगी दिली. मिस्त्रींनी कोपऱ्यावर खरवडलं, तर कंपनीचंच कोरं प्लॅस्टिक निघालं. जरा सरकून पुन्हा खरवडलं, तरी तेच. आयुष्यात पहिल्यांदाच ते चांगली वस्तू बिघडवत होते. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले, अंगठ्याने दाणे चाचपले आणि पातं दाबलं. भरलेला मसाला अख्खाच्या अख्खा उचकटून आला. खाली तो चेचलेला खळगा. जाणकाराने भिंगातून पाहिलं आणि मान हलवली.

लेकीने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, सुटलो.

पण कोर्ट म्हणजे काही आमचं दुकान नव्हे, की भेग दाखवली आणि काम संपलं. पिस्तूल पडलं होतं, तर कळवलं का नाही? लपवलं का? खुनाचं कलम गेलं, पण माणूस मरू शकतो हे ठाऊक असून लपवल्याचं, सदोष मनुष्यवधाचं लागलं. जावयाला सात वर्षं. पुरावा बुजवला आणि विनापरवाना हत्याराला हात लावला म्हणून मिस्त्रींना नऊ महिने.

बाहेर व्हरांड्यात त्या मुलाची आई उभी होती. माझ्याच वयाची. तिने मिस्त्रींचा हात उलटा करून पाहिला, बाजारात भाजी बघतात तसा. म्हणाली, "एवढा चांगला हात. थोडा वाईट असता, तर साहेबाला ओरखडा दिसला असता. माझा मुलगा जेवायला घरी आला असता." आणि हात सोडून दिला. मी तिला ताई म्हणणार होते. तोवर ती जिना उतरून गेली होती.

मिस्त्री नऊ महिने भोगून आले. मग आम्ही दोघं तुरुंगात जावयाला भेटायला जायला लागलो. मध्ये जाळी. पहिल्या खेपेला इकडचंतिकडचं झालं, धाकट्या नातीचे दुधाचे दात पडले, वगैरे. मग जावयाने एकदम विचारलं,

"बाबा, ते पडलंय हे तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं ना?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

मिस्त्री जाळीच्या एका वाकड्या तारेवरून अंगठा फिरवत होते. "तुम्ही खरचटलं म्हणालात. जावयाला तोंडावर खोटं कसं ठरवू?"

"ठरवायचं होतं, बाबा."

"हो," मिस्त्री म्हणाले.

मलाही कळलं होतं, हे मी मध्येच म्हणाले. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढ्यात पहाऱ्यावरचा शिपाई वेळ संपल्याचं सांगायला आला. त्याच्या कमरेलाही पिस्तूल होतं. मिस्त्री मान खाली घालून उठले, आणि त्या पिस्तुलाकडे न बघता दाराशी गेले.