सोनारीहून आणलेलं कुत्रं

मामांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सोनारीच्या ओढ्याकाठी ऊन डोक्यावर आलं. समोरच्या बाभळीवर पाच-सहा कावळे बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. पोटातले तेवढे ओरडत होते. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. मग जमलेल्यांनी ती ओळखून शब्द द्यायचा. कुणी म्हणालं, पुस्तकं शाळेला देऊ. कुणी म्हणालं, भैरवाला अभिषेक करू. कावळे ढिम्म.

त्यांची इच्छा मला पक्की ठाऊक होती. आईमाघारी याच मामांनी मला सांभाळलं, शिकवलं. निजामाच्या वेळचे मास्तर, मूलबाळ नाही. मामी गेल्यावर त्यांनी मला तुळजापूरला कार्ड टाकलं, ‘तुझ्याकडं येऊन राहू का?’ मी उलट लिहिलं, ‘घर लहान आहे.’ त्यानंतर त्यांचं कार्ड आलं नाही आणि मीही चार वर्षं तिकडं फिरकलो नाही. आता हे चारचौघांत कोण बोलणार?

तेवढ्यात गुरव म्हणाला, “मास्तरांचं कुत्रं बगा की. धा दिस झालं, उंबऱ्यावरनं हललं न्हाय. त्याचं कायतरी बोला.”

माझं डोकं आधीच फिरलेलं. “नेतो मी कुत्रं! झालं समाधान?” मी खेकसलो.

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर उतरला. “शिवला, शिवला!” म्हणत सगळे उठले. माझ्या अंगावर मात्र सरसरून काटा आला, कारण मी खोटं बोललो होतो. परंड्याच्या अलीकडं कुठंतरी कुत्रं सोडून द्यायचं, हे मनात ठरवूनच मी तोंड उघडलं होतं.

मला घेऊन आलेला मित्र डॉक्टर होता, त्याची जुनी मोटार. मामांच्या दारात आम्ही कुत्र्याला किती चुचकारलं, ओढलं, पण ते जागचं हलेना. मोटारीचं पुढचं डावं दार नीट लागलं नव्हतं, म्हणून मित्रानं ते उघडून परत आपटलं. तसं कुत्रं आपणहून उठलं आणि मागं चढून बसलं. मी दोरी धरून त्याच्या शेजारी बसलो. पुढं मित्राच्या शेजारची सीट रिकामीच होती.

गाव मागं पडलं तरी कुत्र्यानं बाहेर एकदाही बघितलं नाही. ते त्या रिकाम्या सीटकडं बघत होतं आणि मधून मधून शेपूट हलवत होतं.

“अरे, हे बघतंय कुणाकडं?” मित्रानं विचारलं.

“मला काय विचारतोस? गाडी चालव.”

पण गिअर टाकताना तोही कोपर अंगाशी घेत होता, शेजारच्याला लागू नये म्हणून घेतात तसं. त्याचं त्याला कळत नव्हतं. मी ते बघितलं आणि दोरीचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला.

उघडा माळ लागला तिथं मी म्हणालो, “थांब जरा.” दार उघडलं. “चल, उतर.”

कुत्रं गुरगुरलं नाही. त्यानं आधी सीटकडं बघितलं, मग मान वळवून माझ्याकडं. त्याच वेळी पुढं बसलेल्या कुणीतरीही मान वळवली, असं मला वाटलं. वाटलं कसलं, माझी खात्रीच झाली.

“मामा,” मी म्हणालो. मित्र हसला नाही. “मामा, चुकलं माझं. घर लहान नव्हतं हो. मलाच तुम्ही नको होतात. कुत्रं नेतो. आता खरंच नेतो.”

कुत्र्याची नजर सीटवरनं दाराकडं गेली, दारातनं बाहेर रस्त्यावर. मग ती हळूहळू मागं सरकत राहिली, चालत जाणाऱ्या माणसाला आपण लांबवर बघत राहतो तशी, सोनारीच्या दिशेनं. ते एकदा कण्हलं आणि माझ्या मांडीवर डोकं टाकून पडलं. पुढं फाटक्या रेक्झिनची नुसती सीट उरली होती.

मित्रानं मोटार चालू केली. मी त्याचा खांदा धरला, “थांब, थांब!” म्हणत खाली उडी टाकली आणि त्या रिकाम्या रस्त्यावर लहान पोरासारखा रडत ओरडलो, “अहो मामा, घरापर्यंत तरी चला!”