ऐंशीवा नंबर

माझ्या भावाच्या सलूनमध्ये दोन खुर्च्या होत्या. पहिलीवर दादा केस कापायचा, दुसरीवर माझा नवरा. मधल्या आरशावर पांढऱ्या पेनाने दहा नावं लिहिलेली असायची, जगातल्या सर्वांत मोठ्या दहा रॅपरांची. लोक दुकानात दरपत्रक लावतात, आमच्याकडे ही यादी.

यादी दादाची. गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणायची, कारण तो नंबर द्यायचा आणि एकदा दिला की अडून बसायचा. शब्दाला धार किती, दम किती टिकतो आणि त्याचं ऐकून मागून किती जण बोलायला लागले, एवढंच तो बघायचा. चौथ्या नंबरावर एक बाई होती. तिच्यापायी निम्मी गिऱ्हाइकं रुसली, पण ती हलली नाही. नवव्यावरच्या माणसाने आयुष्यात दोन ओळी म्हटल्या नव्हत्या, दुसऱ्यांच्या मागे तालासाठी नुसत्या गाण्यांच्या तबकड्या फिरवल्या होत्या. "त्याने फिरवल्या म्हणून बाकीच्यांना तोंड उघडता आलं," असं म्हणत दादा कोणाचीही दाढी अर्धी ठेवून वाद घालायचा. गालावरचा साबण वाळायला लागला की गिऱ्हाईक आपोआप पटलं म्हणायचं.

एक नियम मात्र कडक होता. कोणी रॅपर वारला की वर्षभर त्याचं नाव वर सरकवायचं नाही. दादा म्हणायचा, "रडणाऱ्याने नंबर लावू नये. रडताना सगळेच मोठे वाटतात."

माझ्या नवऱ्याला सगळे घोगरा म्हणायचे, मीसुद्धा. आवाज जन्माचाच तसला, रिकामं पातेलं खरवडावं तसा. विशीत त्याने त्याच आवाजात चार गाणी केली आणि हौसेने दोनशे सीडी काढल्या. एक गाणं घरमालकावर, एक आईच्या तुटक्या चपलेवर आणि उरलेली दोन कशावर ते त्यालाही धड सांगता यायचं नाही. लग्नात मी या घरात शिवणयंत्र आणलं आणि बदल्यात मला न खपलेल्या सीडींचं खोकं मिळालं. कपाटावर ते अजून तसंच आहे.

दर वाढदिवसाला तो दादाला विचारायचा, "मास्तर, माझा नंबर?"

"ऐंशी."

"यंदाही?"

"यंदाही. ऐंशीला टिकून राहायलाही दम लागतो."

कोणाला वाटेल, बिचाऱ्याला वाईट वाटत असेल. छे! दिवसभर तो समोर येईल त्याला सांगत सुटायचा, "अख्ख्या जगात ऐंशीवा! मास्तरने दिलाय, फुकटचा नाही." मी चिडवायचे, की खालून मोजलं असेल. तर म्हणायचा, "तुझा भाऊ खोटं बोलत नाही गं, म्हणून तर मजा आहे."

त्याचा आवाज बसायला लागला तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही. तो उठलेला तरी कोणी ऐकला होता? आम्ही कितीतरी दिवस त्यावरून चेष्टा केली. ती चेष्टा आठवली की आजही मला स्वतःचा राग येतो.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला आणि दादाला आत बोलावलं. तो बाहेर शर्टाची बटणं लावत बसला होता. घशात गाठ होती आणि ती पसरली होती. दुखणं कमी ठेवण्यापलीकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दवाखान्याच्या जिन्यातच मी दादाला शपथ घातली. "त्याला कळता कामा नये. सूज आहे म्हणून सांगायचं."

"मला खोटं जमत नाही, तुला माहीत आहे."

"मग गप्प बस."

दादा गप्प बसला. सलूनमधले वाद थांबले, नुसती कात्री वाजायची. सलूनच्या वरच आमचं घर, तिथे शिवणयंत्रावर बसून मला ती शांतता ऐकू यायची. घोगरा मात्र सूज उतरायची वाट बघत गरम पाण्याच्या गुळण्या करत होता.

दोन महिन्यांनी त्याचा वाढदिवस आला. काम सुटलं होतं, तरी इस्त्रीचा शर्ट घालून, भिंतीला धरत तो खाली गेला. धुतलेले टॉवेल घेऊन मी मागोमाग उतरले. दुकान अजून उघडायचं होतं. आवाज म्हणजे आता नुसती हवा उरली होती. त्या हवेतच त्याने विचारलं, "मास्तर, माझा नंबर?"

दादाने कंगव्याने आरशाकडे खूण केली. दहाव्या जागेवरचं नाव पुसून तिथे लिहिलं होतं, घोगरा.

तो हसला. दोन्ही हात वर केले. मग आरशातच त्याला दादाचा चेहरा दिसला. दादा स्वच्छ कंगवा पुन्हा पुन्हा पुसत होता. घोगऱ्याचे हात हळूहळू खाली आले.

"मास्तर, मी मरणार आहे का?"

दादाने तोंड फिरवलं. घोगऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "तुलाही माहीत होतं?"

मी मानेनेच हो म्हटलं. त्याने माझ्या हातातला टॉवेल घेतला, ओला केला आणि स्वतःचं नाव पुसून काढलं.

"ऐंशी," तो म्हणाला. "माझा नंबर मला दे."

त्यानंतर तो पाच आठवडे होता. पहिले तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी मी उशी सारखी करत होते, तेव्हा मनगट धरून म्हणाला, "तेव्हाच सांगितलं असतंस तर थोडा आवाज होता माझ्याकडे. पाचवं गाणं केलं असतं." रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

तो गेल्यावर गिऱ्हाइकं दादाच्या मागे लागली, की घोगऱ्याचं नाव आरशावर लिही. दादा सगळ्यांना एकच सांगायचा, वर्ष होऊ दे.

वर्ष झालं त्या दिवशी मी खाली गेले. दुसरी खुर्ची रिकामीच होती, दादाने तिथे कोणाला उभं केलं नव्हतं.

"ऐकलीस त्याची गाणी?"

"रोज."

"मग?"

दादाने कात्री खाली ठेवली. "ऐंशी."

त्या एका शब्दाने मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. मी दुसऱ्या खुर्चीत बसले.

"चार गाण्यांवर याहून जास्त देता येत नाही गं," दादा म्हणाला. "एखादं पाचवं असतं तर बघितलं असतं."

पाचव्या गाण्याचं मी दादाला सांगितलं नव्हतं. अजूनही सांगितलेलं नाही.