दामूअण्णांचं शेवटचं रीळ

दामूअण्णांचा विषय निघाला की एका किश्शावर थांबणं होत नाही. ढिगातलं एक संत्रं काढलं की चार घरंगळतात, तसं. मी तेव्हा पांढुर्ण्यात मास्तर होतो आणि सुट्टीत त्यांच्या शूटिंगची वही सांभाळायचो.

अण्णांनी काढलेल्या पहिल्या पिक्चरमध्ये एक पाटील इंग्रज साहेबाला वाकून मुजरा करतो. मोहगावच्या पाटलांना वाटलं, हा आपणच! त्यांनी भर तंबूत विळ्याने पडदा फाडला. पिक्चर बंद पडलं आणि अण्णा बोरगावला संत्री पिकवत बसले. पुढे राज्यांची नवी वाटणी झाली; नागपूर मराठी मुलखाकडे गेलं, आपण मराठी माणसं मध्यप्रदेशात राहिलो. त्याच आठवड्यात अण्णा माझ्या दारात. "मास्तर, पिक्चर काढून राहिलो. नाव, 'पुढारी अन् आपण'."

*

पिक्चरमधले पुढारी झाले सौंसरचे रामभाऊ शिंपी. खादीचा कोट घालून ते तिगावला उतरले, तर स्टेशनमास्तर हार घेऊन पुढे.

"मी खरा नाही हो," रामभाऊ म्हणाले.

"मागचे पुढारी एवढं खरं बोलले असते तं बरं झालं असतं," म्हणत स्टेशनमास्तरांनी हार घातलाच.

*

बोरगावच्या शूटिंगमध्ये लोक रामभाऊंच्या हातात अर्ज देऊ लागले. विहिरीचे, रस्त्याचे. मी थांबवायला निघालो, तर अण्णांनी मला अडवलं. दुसऱ्या दिवशी सायकलवर सगळे अर्ज तहसिलीत नेऊन पोच घेतली. म्हणाले, "पिक्चर खोटं हाय, अर्ज खरे हायेत." असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

*

शेवटचा सीन सौंसरच्या बाजारात. रीळ एकच उरलेलं. पुढारी विचारतो, मराठी शाळेसाठी माझ्यासोबत कोण येतं? आणि एकही हात वर होत नाही. सगळं पिक्चर त्या गप्प बसण्यावर उभं होतं. लोकांना मी दोनदा बजावलं होतं, हात वर करायचा नाही.

तेवढ्यात मोहगावचे पाटील येऊन पहिल्या रांगेत बसले. मी अण्णांकडे धावलो.

"अण्णा, पाटील आले."

"बसू दे."

कॅमेरा सुरू झाला. रामभाऊंनी विचारलं. पाटलांनी हात वर केला. मग मागचा एक, मग सगळा बाजार.

"बंद करू?" कॅमेरावाल्याने विचारलं.

अण्णांनी सूचना द्यायचा कर्णा खाली ठेवला. कॅमेऱ्यासमोरून चालत गेले, पाटलांच्या शेजारी मातीत बसले आणि हात वर केला.